आठ बिटांत न मावलेलं कडवं

तुमच्या मामाला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो फोनवर तुमच्याशी गोड बोलतो, कीबोर्डवर बसवलेले तुकडे ऐकवतो, ते सगळं ठीक आहे. पण तुमच्या आईच्या लग्नात त्यानं काय केलं ते कुणीतरी तुम्हाला नीट, क्रमानं सांगायला हवं. या घरात क्रमानं सांगणारी मी एकटीच आहे.

आधी तुमच्या पणजीबद्दल. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो आणि नातवंडं पाटी, म्हणजे तमिळमध्ये आजी, म्हणायची. त्यांचं माहेर-सासर दोन्ही तंजावरचं. त्यांची मराठी जुनी, मध्येच तमिळ, आणि सगळ्यालाच तमिळ हेल. मी पुण्याहून लग्न होऊन चेन्नईत वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा पहिले सहा महिने मला त्यांचं अर्धंच कळायचं. त्यांना माझं तेवढंही कळत नसावं.

त्यांच्याकडे माहेरून आलेलं नलंगूचं एक गाणं होतं. नलंगू म्हणजे लग्न लागलं की संध्याकाळी नवरा-नवरीला समोरासमोर बसवून नारळ लोटायला लावतात, एकमेकांच्या डोक्यावर पापड फोडायला लावतात, तो खेळ. इथल्या तमिळ घरांत असतो तसाच तंजावरच्या मराठी घरांतही असतो. आमच्या घरचं गाणं फक्त घरच्या मुलीसाठी. सुनेसाठी वेगळं. शेवटचं कडवं तर मोठ्यानं म्हणायचंच नाही. म्हणणारीनं मुलीच्या कानाशी वाकून ते ओठांतल्या ओठांत म्हणायचं. आणि समोर बसलेली मुलगी नसेल तर गाणं तोंडातून काढायचंच नाही. मी एवढी वर्षं या घरात काढली, त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, पण ते कडवं मी ऐकलेलं नाही. मी सून. नियम म्हणजे नियम. त्याबद्दलही मला राग आहे, पण तो वेगळा राग आहे.

अम्मांना एकच मुलगा, तुमचे आजोबा. त्यामुळे या घरात नलंगूला बसणारी मुलगी एकच, तुमची आई. म्हणून मीच मामाला म्हटलं, "गाणं रेकॉर्ड करून ठेव. परत कधी मिळायचं नाही."

मामा तेव्हा गिंडीला कंपनीत कामाला होता आणि घरी मागच्या खोलीत त्याचा 'स्टुडिओ' होता. म्हणजे एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, भिंतीला ठोकलेल्या जुन्या रजया आणि दारावर 'रेकॉर्डिंग चालू' अशी पाटी. कपडे वाळत घालायला त्या खोलीतूनच गॅलरीत जावं लागायचं, पण पाटी बघून मी ओले कपडे घेऊन बाहेर उभी राहायचे.

लग्नाच्या संध्याकाळी दिवाणखान्यात नलंगू मांडला. मामानं मागच्या खोलीतून वायर ओढत आणली आणि अम्मांच्या तोंडासमोर मायक्रोफोन उभा केला. मग हुकूम सोडला, "पंखा बंद!"

मे महिना. चेन्नई. अंगावर कांजीवरम, केसांत गजरे, आणि खोलीत तीसेक बायका.

"अरे, मरतील लोक," तुमचे आजोबा म्हणाले.

"बाबा, पंख्याचा आवाज येतो. प्युअर साउंड पाहिजे."

"एन्नडा कण्णा, काय रे राजा," अम्मा म्हणाल्या, "प्युअर सौंड येईल, पण पाटी वर जाईल."

सगळे हसले, पण पंखा बंदच राहिला. बायकांनी लग्नपत्रिकांनी वारा घेतला, तर त्यानं तोही थांबवायला लावला, कागद वाजतो म्हणून. अम्मा गायल्या. घाम पुसत गायल्या, पण आवाज भरलेला होता. त्या वयात तसा आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. शेवटच्या कडव्याला त्या तुमच्या आईच्या कानाशी वाकल्या. तुमची आई हुंदके देत होती. आम्हाला कुणाला काही ऐकू आलं नाही, पण मायक्रोफोन दोघींच्या हनुवटीशी होता. मला वाटलं, आता राहिलं हे.

काही दिवसांनी तुमची आई परदेशी निघायची होती. तिला गाण्याची सीडी हवी होती. मामानं आधी तिला हेडफोन लावून ऐकवलं. सुरुवातीला ती हसली, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"दादा, पाटी डब्यात बसून गातेय का? आणि शेवटचं कडवं कुठे आहे?"

"आहे की. नीट ऐक."

"नुसती खरखर आहे. वाळू चाळल्यासारखी."

मामाचा चेहरा बघून मी ओळखलं. शाळेत गणित शिकवलंय मी. चुकलेलं उत्तर माहीत असलेला मुलगा कसा दिसतो ते मला कळतं.

"काय केलंस?"

"डिस्कवर जागा नव्हती गं. म्हणून अकरा हजार आणि आठ बिटवर घेतलं. आई, नुसता आवाजच तर होता. फोनवर बोलणं कळतं तेवढं पुरतं ना."

नुसता आवाज! आणि डिस्क कशानं भरली होती? त्याच्या स्वतःच्या कीबोर्डच्या तुकड्यांनी. ते शहाण्णव हजार आणि चोवीस बिटवर ठेवलेले, कारण इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की मोठे लोक तसंच करतात. जे बटण दाबून उद्या पुन्हा वाजवता येतं त्याला राजेशाही पलंग, आणि जे आयुष्यात एकदाच गायचं त्याला पायपुसणं. आणि त्यासाठी तीस बायका मे महिन्यात पंख्याशिवाय बसवल्या!

मग मी त्याला समोर बसवून सगळं समजावून घेतलं. तुम्हालाही सांगते, म्हणजे तुमच्या घरात कुणी असा गाढवपणा करणार नाही. कॉम्प्युटर आवाज सलग ऐकत नाही. एका सेकंदात तो ठरावीक वेळा आवाजाकडे बघतो. तो आकडा म्हणजे सॅम्पल रेट. अकरा हजार वेळा बघितलं, तर साडेपाच हजार कंपनांच्या वरचं काही हाती लागत नाही. 'स' आणि 'श'ची धार जाते, श्वास जातो, माणूस डब्यात बसतं. चव्वेचाळीस हजार शंभर वेळा बघितलं, तर माणसाच्या कानाला ऐकू येतं ते सगळं येतं.

बिट म्हणजे प्रत्येक वेळी मापायची पट्टी किती बारीक. आठ बिटांच्या पट्टीवर सगळ्या मिळून दोनशे छप्पन खुणा. मोठा आवाज त्यांवर कसाबसा बसतो. पण ओठांतल्या ओठांत म्हटलेलं कडवं पहिल्या दोन-तीन खुणांतच संपतं, म्हणून त्याची खरखर होते. सोळा बिटांवर खुणा पासष्ट हजारांच्या वर. चोवीसवर दीड कोटीहून जास्त. तिथं हळू आवाजालाही जागा असते. म्हणजे हळू गाणाऱ्या माणसासाठी बिट आधी बघायचे. जे गाणं मुद्दाम हळू संपवायचं, तेच यानं आठवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो आनंदात आला. "आई, झालं! फाइल शहाण्णव-चोवीसमध्ये बदलून घेतली."

फाइल सव्वीसपट फुगली होती. खरखर तितकीच होती. पाणचट ताक घंगाळात ओतलं म्हणून दही होतं का? मी त्याच्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलले.

तुमच्या आईला कडव्यातला एकही शब्द आठवत नव्हता. "रडत होते गं," एवढंच म्हणाली, आणि रिकाम्या हातानं विमानात बसली. अम्मांना विचारलं तर त्यांनी मान हलवली. "तिचं एकदा झालं. आता मुलगी बसली नाही. गाऊ कुणाला? नुसतं सांगायचं नसतं गं ते."

दिवाळीपर्यंत अम्मांचा आवाज पातळ झाला होता. छातीचं दुखणं निघालं होतं. डॉक्टर माझ्याशी बाजूला बोलले. घरात दुसरी मुलगी नव्हती, आणि माझं डोकं रात्रंदिवस तिथंच अडकलेलं. कार्तिकात तुळशीचं लग्न आलं. बाहेर पाऊस होता म्हणून कुंडी आत आणून मी पुसत होते, आणि एकदम सुचलं.

"अम्मा, तुळस कुणाची मुलगी?"

"आपल्याच घरची. दर वर्षी आपण तिचं लग्न नाही का लावत?"

"मग तिला नलंगू का नको?"

त्यांनी कुंडीकडे बघितलं. मग हसल्या. "टीचर. पकडतेस बरोबर. सरी, बरं, बसव तिला."

मी मागच्या खोलीत गेले आणि दारावरची पाटी काढून ठेवली. मामाला म्हटलं, "तुझे तुकडे सीडीवर काढ, नाहीतर पुसून टाक. जागा कर."

त्यानं निमूटपणे केली. मी स्क्रीनवरचे आकडे त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतले. चव्वेचाळीस हजार शंभर. चोवीस.

"शहाण्णव हजार करू का, आई? आता जागा आहे."

"कुणासाठी? वटवाघळांसाठी?"

पंखा मी चालू ठेवला, फक्त हळू केला. छातीच्या दुखण्याचं माणूस आहे, प्युअर साउंड गेला खड्ड्यात. कुंडीला जुना काठाचा खण गुंडाळला. अम्मा समोर पाटावर बसल्या आणि सुरू झाल्या. मध्ये दोनदा दम लागला. लग्नातला आवाज तो नव्हता. तो आवाज अकरा हजारांत गेला तो गेला. शेवटच्या कडव्याला त्या कुंडीशी वाकल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. मामाला हेडफोन काढायला लावले होते. तो फक्त स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या हलताना बघत होता. "येतंय का?" मी तिथूनच विचारलं. "येतंय," तो म्हणाला.

त्याच पौषात अम्मा गेल्या.

दोन्ही फाइली या पार्सलमध्ये आहेत. पहिलीत आवाज आहे आणि कडवं नाही, दुसरीत कडवं आहे आणि आवाज थकलेला. दुसरी साध्या सीडी प्लेअरवर लागणार नाही, कॉम्प्युटरवरच लावा. मामा परवाच फोनवर म्हणत होता, "ईमेलनं पाठवू का? दाबून लहान करतो, काही कळत नाही." मी त्याला सांगितलं, हात लावलास तर बघ.

आधी तुमची आई ऐकेल. तिच्यासाठी गायलेलं आहे, तिला अजून मिळालेलं नाही. मग तुमच्यातली धाकटी, तिची वेळ आली की. मुलांनी तेवढ्यापुरतं दाराबाहेर थांबायचं. मी अजून ऐकलेलं नाही. सगळे आकडे मी तपासले, डिस्कवर नाव मी घातलं, पार्सलही मीच बांधलं, पण ते मला ऐकता येत नाही, कारण मी सून आहे. हे मला मुळीच पटलेलं नाही.