रविवारची गोळी

भुवनेश्वरी सरळ चालताना तिच्या आईनं, दाक्षायणीनं, कधी बघितलीच नाही. पोरगी पळायची, नाहीतर पडायची. नऊ वर्षांची होईस्तोवर हनुवटीला टाके पडले, मनगट मोडलं, आणि अक्कलकोट रोडवर एकदा टेम्पोखाली जाता जाता वाचली. "आईचं लक्षच न्हाय," म्हणायला शेजारपाजार तयारच. अहो, लक्ष म्हणजे काय पोरीला दोरीनं बांधून ठेवायचं?

शेवटी मुलांच्या डॉक्टरबाईंनी तपासून अतिचंचलपणावर रोज सकाळची एक गोळी लावली. भूक जरा मंदावली, पण पोरगी रस्त्याच्या कडेला थांबून दोन्हीकडं बघायला लागली. दाक्षायणी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला बसायची. तिथं तिचा जीव दिवसभर टांगणीला लागायचा, ते थांबलं.

वह्याही पूर्ण व्हायला लागल्या, आणि तिथंच घात झाला. घरात त्या गोळीला सगळे अभ्यासाची गोळी म्हणायला लागले. जन्म यंत्रमागावर काढलेले सासरे, ईश्वरप्पा, म्हणाले, "रविवारी शाळा न्हाय, मग गोळी कशाला? पोरगी लई गप झालीय. एक दिस तरी खेळू दे की."

"मामा, बाईंनी रोज सांगितलीय. ती नुसत्या अभ्यासाची न्हाय," दाक्षायणी सासऱ्यांना म्हणाली.

"बाई काय हितं राहत्यात व्हय?"

नवरा संगमेश बापाच्या सुरात सूर मिसळायला बसलेलाच. दाक्षायणी भांडली, रडली, मग थकली. दर रविवारी कोण डोकं फोडून घेणार? रविवारची गोळी बंद झाली.

त्यांच्या खोल्या कारखान्याच्या आवारातच. रविवारी माग बंद, म्हणून आवारातली पोरं मागांच्या मधे लपाछपी खेळायची. संगमेशही लहानपणी तिथंच खेळलेला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या रविवारी दुरुस्तीला आलेल्या फिटरनं ओरडून सांगितलं, "बाहेर व्हा रे, माग चालू करून बघतोय!" पोरं बाहेर धावली. भुवनेश्वरीही निघाली, आणि मागाखाली राहिलेल्या चपलेसाठी परत आत शिरली. तेवढ्यात माग सुरू झाला, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पट्ट्यात गेली.

दवाखान्यात संगमेश सगळ्यांदेखत ओरडला, "त्या गोळ्यांनी सुस्त झालीवती पोरगी, म्हणून हात निघाला न्हाय!"

चारचौघांत नवऱ्यापुढं कधी आवाज न चढवलेली दाक्षायणी कडाडली, "आज गोळी दिलीच न्हाय! कुठल्याच रविवारी दिली न्हाय! तुमी आणि मामा म्हणलात, आणि मी गाढवासारखं ऐकलं."

गोळी लावलेल्या डॉक्टरबाई तिथंच होत्या; त्या हळू म्हणाल्या, "दिली असती तर बोटं वाचलीच असती, असं मी छातीठोक सांगणार नाही. धोका कमी झाला असता, एवढंच."

संगमेशनं यातलं पहिलं वाक्य उचललं आणि भेटेल त्याला ऐकवत सुटला. दुसरं दाक्षायणीच्या वाट्याला आलं. ते तिला शिलाईच्या मशीनवरही ऐकू येतं.

आता रविवारीही गोळी असते, आणि कुणी आडवं येत नाही. ईश्वरप्पा स्वतः पाण्याचा पेला घेऊन दारात उभे राहतात. त्या पेल्याची दाक्षायणीला चीड येते. एकदा न राहवून ती म्हणाली, "आता कशाला मामा? आज तर शाळा न्हाय."

म्हाताऱ्याची मान खाली गेली. पण पेला त्यानं तसाच पुढं धरला. भुवनेश्वरीनं आजोबांना दिसू नये म्हणून उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं पाणी घेतलं.