धारच्या अंगणातली सहा मिनिटं

बसच्या खिडकीतून देवासची टेकडी दिसली आणि माझी धाकधूक वाढली. पुण्याच्या आमच्या रुग्णालयात, फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेल्या मोजक्या रुग्णांवर आम्ही एका नव्या औषधाची चाचणी करत होतो. त्यांतल्या सुनंदाबाई या खेपेला तपासणीला आल्या नव्हत्या, पत्राचं उत्तरही नव्हतं. या औषधानं साऱ्या अंगाचा रक्तदाब एकदम उतरू शकतो, ही भीती होतीच. म्हणून मीच निघालो.

कारखान्याच्या वसाहतीत त्यांच्या घराला कुलूप होतं. यजमान पाळीवर गेलेले. शेजारीण म्हणाली, "भिया (दादा), वो तो मायके गई, धार. अकेली, बस से."

मी पुन्हा विचारून खात्री केली आणि माहेरचा पत्ता घेतला. वर्षापूर्वी या बाई दारापासून नळापर्यंत जाताना दोनदा खाली बसत.

धारच्या वाटेवर बस बंद पडली. टपरीवर शेव आणि जिरावण (मसाल्याची पूड) घातलेले पोहे खाल्ले. चव मात्र कळली नाही. दुपारी धारला पोहोचलो, तर दार सुनंदाबाईंनीच उघडलं. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यांचं करायला त्या आल्या होत्या. पत्र यजमानांनी देवासला तसंच ठेवून दिलं असणार, म्हणाल्या आणि ओशाळल्या.

वडील संस्थानच्या कचेरीतले जुने कारकून. डोळ्यांवर पट्टी, तरी आवाजाच्या दिशेनं हात जोडून म्हणाले, "यावे डॉक्टर, बसावे."

जेवणात दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) होते. मग विसावा झाल्यावर मी अंगण मोजलं आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, ही आमची दर खेपेची तपासणी. सुनंदाबाई चालू लागल्या. वडील पायरीवर बसून पावलं ऐकत होते. सहा मिनिटं झाली. ओठ जरा निळसर झाले होते, दम लागला होता, पण त्या उभ्या होत्या.

"कुठं थांबली नाही ती," वडील हळूच म्हणाले.

मी घाईघाईनं अंतर लिहू लागलो, तेव्हा सुनंदाबाईंनी पाऊल पुढे केलं. घोट्याशी सूज होती.

"हेही लिहा. डोकं दुखतं तेही. माझ्यानंतर ज्या बाईला हे औषध द्याल, तिला आधी कळायला हवं."

परतीच्या गाडीत मी टिपण नीट उतरवून काढलं. आजार बरा झाला नव्हता, कदाचित होणारही नव्हता. पण पुण्याला सगळ्या सहकाऱ्यांसमोर ते वाचताना मी सुरुवात सुजेपासून केली. अंतर सांगायची वेळ आली, तेव्हा मात्र माझा आवाज आपोआप चढला.