मुहूर्त त्यांचा, भिंत माझी

मंडळी, आज सकाळी माझ्या सासूबाईंच्या खोलीची भिंत तडकली. बोट जाईल एवढी भेग पडली आणि गिलाव्याचा पोपडा त्यांच्या गोधडीवर आला. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत.

शेजारचे भास्करराव नवीन घर बांधायलेत. त्यांच्या जेसीबीने आमच्या भिंतीला लागूनच पाया खोदला. मी तशीच बाहेर गेले.

"भास्करराव, काम थांबवा. आधी भिंतीला टेकू द्या."

"ताई, आज पायाभरणीचा मुहूर्त हाय. चुकला तर घर लाभत न्हाई."

"आणि भिंत म्हातारीच्या अंगावर पडली तर?"

"तुमी लय मनाला लावून घेता. सिमेंट भरून देतो, भेग दिसणारबी न्हाई."

दिसली नाही म्हणजे भिंत मजबूत झाली का? मी खुर्ची आणली आणि जेसीबीसमोर बसले.

लगेच गल्ली जमली. "ताई, शेजारी हायेत, समजून घ्या." सगळे मलाच सांगायलेत! भास्कररावांना एकानेही हटकलं नाही.

शेवटी भास्कररावांनी भिंतीला टेकू दिला, तेव्हाच मी उठले. पण राग अजून गेलेला नाही. ज्याचं नुकसान होतं, समजून घ्यायचंही त्यानेच का? तुमच्या गल्लीतही असंच आहे का, सांगा.