बाटलीतले पाणी

ती घटना आठवली की आजही डोके तापते. नोकरीचे शेवटचे वर्ष, मुलुंडचे पोलीस ठाणे, दसऱ्याची सकाळ. शस्त्रपूजेची मांडणी चालू होती. तेवढ्यात पंधरा-वीस जणांनी पेट्रोलपंपावर काम करणाऱ्या एका बाईला आणले. पुढे एक कुरियरवाला, हातात बाटली. वर पेट्रोल, खाली पाणी.

"गाडी बंद पडली, साहेब. हे माझ्या टाकीतून काढलंय. हिनेच भरलं. भेसळीचा गुन्हा घ्या!"

"इथेनॉल मिसळून लुटतात," एकजण ओरडला.

"अरे, देशाचं तेल वाचतंय! तुला काय कळतं?" दुसरा त्याच्या अंगावर गेला.

बाईला कोणी काही विचारेना. महिला शिपायाने तिला बसवले, तेव्हा ती पुटपुटली, "मी नुसती नळी धरतंय. गुन्हो दाखल झालो तर मालक माका उद्या उभी करूचो नाय. घरात कमावणारी मी एकटी."

पंचांसमोर पंपाचा नमुना घेतला. स्वच्छ निघाला. जमाव म्हणाला, "सेटिंग आहे!"

इतक्यात आमचा गस्तीवरचा बीट मार्शल मोटारसायकल ढकलत आत आला. तीही बंद.

"पेट्रोल कुठे भरलंस?"

"भांडुपला, साहेब."

"काल गाडीचं काय केलंस?"

"खंडेनवमी ना, धुऊन घेतली. नाक्यावरच्या वॉशिंगला."

कुरियरवाल्याने मान खाली घातली. त्यानेही तिथेच धुतली होती.

वॉशिंगवाल्याला बोलावले. "सणाची गाडी, साहेब! टाकीचं झाकण उघडून कडसुद्धा चकाचक केली. दरवर्षी करतो."

गॅरेजवाल्याने उलगडा केला. धुताना टाकीत पाणी गेले होते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि गाडी बंद पडते. गुन्हा कोणाचाच नव्हता. बाईला सोडले.

मी पंपमालकाला म्हणालो, "पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, टाकीत पाणी जाऊ देऊ नका, एवढी पाटी लावा."

"वरून आदेश नाही, साहेब."

मग बाईनेच पुठ्ठ्यावर ते लिहिले आणि पंपावर टांगले. चार दिवसांनी ती ठाण्यात आली. पंपाची बदनामी केली म्हणून मालकाने तिला काढले होते.

"साहेब, मी खोटा काय लिवलंय?"

इथेनॉल चांगले की वाईट, यावर खुशाल भांडा. पण लोकांच्या टाकीत काय ओतता, ते आधी त्यांना सांगा! ते सांगायला वरचा आदेश लागतो आणि सांगणारीला घरी बसवायला मालकाचा एक शब्द पुरतो. खोट्या आरोपातून मी तिला सोडवले. खरे लिहिल्याबद्दल तिची नोकरी गेली, त्यावर माझ्या पुस्तकात कलम नव्हते.