रामचंद्रभाऊंच्या ताटातली कोळंबी

शिरोड्यात कुजबूज होती, की व्हिडिओवाल्या फॉस्टिनने जुनं वैर काढून रामचंद्रभाऊंना मुद्दाम उघडं पाडलं.

झालं असं, की २००२ साली भाऊंच्या नातवाच्या बारशाचं शूटिंग फॉस्टिनने जुन्याच टेपवर केलं. त्याआधी स्पीकरमधलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवलं आणि टेप पुसली, असं स्वतःचं समाधान करून घेतलं. पाहुणे बघायला जमले. बारसं संपलं, तरी कुणी टीव्ही बंद केला नाही, आणि पडद्यावर फॉस्टिनच्या बहिणीच्या लग्नाची पंगत उमटली. श्रावणात कांद्यालाही न शिवणारे भाऊ कोळंबी ओरपत होते. कोपऱ्यात तारीख, ऐन श्रावणातली!

तेव्हापासून फॉस्टिनला एकाही लग्नाचं शूटिंग मिळेना. मुद्दाम केलं नाही, असं घरोघर सांगून त्याची जीभ झिजली. वैतागून त्याने चुंबक विहिरीत फेकलं.

"टेप पुसलंय म्हटलंस, मगे भाऊंच्या ताटातली सुंगटां कशी रे रवली?" बायकोने, कार्मीनने, चिमटा काढला.

"तू पण तसाच बोलतंस गो? माझा त्येच्याशी वैर कसला?"

वैर नव्हतंच. चुंबकात जोर नव्हता, आणि बारशाचं शूटिंग लग्नाच्या शूटिंगपेक्षा छोटं होतं.