आडोसेकाकूंचा चौथा खांब

"बांधते मी, पण सुटेल असं." हे वाक्य काकूंच्या तोंडी सदा असायचं. दोरी आवळताना म्हणायच्या, नातीची वेणी घालताना म्हणायच्या, नवऱ्याशी झालेलं भांडण मिटवतानाही म्हणायच्या.

आमच्या किनाऱ्यावर सगळे त्यांना आडोसेकाकू म्हणत. नवख्या माणसाला ते आडनावच वाटे. खरं म्हणजे समुद्रात न्हाऊन आलेल्या बायकांना ओले कपडे बदलायला त्या आडोसा द्यायच्या. चार खांब, जुन्या शिडाच्या कापडाच्या भिंती, आत एक बाक आणि दोरीला टांगलेला आरसा. सकाळी वाळूत खड्डे करून खांब रोवायचे, दोऱ्या ताणून बांधायच्या आणि दिवस कलला की सगळं सोडून, गुंडाळून, बंधाऱ्याच्या पायऱ्या चढून घरी न्यायचं. समुद्राच्या दारात मुक्काम करायचा नाही, एवढी अदब त्यांच्या अंगातच होती.

त्यांचे यजमान गवंडी. अर्ध्या गावाची घरं त्यांच्या हातची. आता गुडघे गेले होते, हात मात्र शिवशिवायचे. लोक चेष्टा करत, "गवंडीबुवा, गावभर पाये घातलेत आणि बायकोचे खांब तेवढे वाळूत?" बुवा हसायचे, पण ते त्यांना लागायचं.

अशात नगरपालिकेने नियम काढला. किनारा सगळ्यांचा, तिथे कुणाचंच बांधकाम नको. पाहणीला आलेल्या कारकुनाने विचारलं, "हे कुणी बांधलं?"

काकू ठसक्यात म्हणाल्या, "मीच बांधते की! रोज बांधते."

कारकुनाने ऐकायचं ते ऐकलं. बांधकाम, आणि तेही रोज चालू! झालं, नोटीस आली.

काकू तडक पालिकेत गेल्या. "साहेब, मी दोरी बांधते हो, घर नाही!"

निरीक्षकसाहेब हसले नाहीत. "आज संध्याकाळी येतो. सूर्य बुडाल्यावर वाळूवर जे उभं असेल, त्यावर लाल फुली. फुली बसली की सकाळी पाडणार. आणि ती जागा तुम्हाला पुन्हा मिळणार नाही."

काकूंच्या जिवाचा घोर मिटला. रोजचंच तर काम होतं.

संध्याकाळी साहेब रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन हजर झाले. काकूंनी गाठींना हात घातला. एकेक दोरी अशी सुटली, जणू तिला घरी जायची घाई होती. कापड खाली आलं. बाक, आरसा, सगळं वर पोचलं. पहिला खांब निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. समुद्राकडचा चौथा मात्र जागचा हलेना.

काकूंनी मिठी मारून हिसका दिला. खांब ढिम्म. त्यांनी वर पाहिलं. पायरीवर बसलेले बुवा वाळूकडे बघत होते.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "काय केलंत?"

"तू पालिकेत गेलीस ना, तेव्हा... घरात थोडं लवकर धरणारं सिमेंट उरलं होतं." बुवा पुटपुटले. "मला वाटलं, साहेब येतील, खांब हलवून बघतील. डगमगला तर पाडतील. एकच खांब झाला गं. चारांना पुरलं असतं तर..."

"पुरलं असतं तर मलाच इथे पुरावं लागलं असतं!"

साहेबांनी डब्याचं झाकण उघडलं. "याला तर पाया आहे, काकू. आता बोलायलाच नको."

"सूर्य बुडालाय का साहेब?"

साहेबांनी पाहिलं. सूर्य पाण्याला टेकला होता. "नाही अजून."

काकू गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागल्या. जेवढी काढावी तेवढी कडेची ढासळे. बोटं सोलली. बुवा लंगडत खाली आले, खांबाकडे हात नेला.

"हात लावू नका! तुमचा हात लागला की सगळं पक्कं होतं."

तेवढ्यात भरतीची लाट आली आणि खड्डा भरला. साहेबांनी ब्रश रंगात बुडवला. पण काकू थांबल्या. पाणी मागे फिरलं तसा खांब कण्हल्यासारखा कलला होता. त्यांनी दोरी उचलली, खांबाच्या डोक्याला गाठ मारली आणि दुसरं टोक बुवांच्या हातात दिलं.

"धरा. लाट मागे फिरली की ओढायचं. एकदा तरी पाडायचं काम करा."

लाट आली. लाट फिरली. दोघांनी ओढलं. पुन्हा आली, पुन्हा ओढलं. सूर्याची नुसती कड उरली होती तेव्हा वाळूने मोठा सुस्कारा टाकला आणि खांब आडवा झाला, बुडाशी सिमेंटचा गोळा घेऊन.

कड बुडाली.

काकूंनी खांबाच्या डोक्याची गाठ सोडली, ती दोरी गोळ्याभोवती आवळली आणि खांद्यावर घेतली. "साहेब, उद्या सकाळी पुन्हा बांधणार आहे. तुमच्या कारकुनाला सांगा, बांधते मी, पण सुटेल असं."

आणि त्या निघाल्या, वाळूत लांब चरा ओढत. मागून तीन खांब बगलेत घेऊन बुवा. मोकळ्या वाळूवर साहेब तेवढे उभे होते. ते त्या दोघांना पायऱ्या चढेपर्यंत बघत राहिले. हातातल्या ब्रशवरून लाल रंग थेंबथेंब वाळूत पडत होता, आणि फुली मारायला तिथे काहीच उभं नव्हतं.