सुभेदारमामा आणि माझा उजवा खांदा

माझ्या आत्याच्या यजमानांइतका वाकड्या गोष्टींवर रागावणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत नसेल, आणि मी त्यांच्यावर जितकी रागावले आहे तितकी दुसऱ्या कुणावरही रागावलेली नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कऱ्हाडजवळच्या एका गावात त्यांचा ऊस आहे, आणि गाव त्यांना सुभेदार म्हणूनच हाक मारतं. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी नव्या जवानांना कवायत शिकवण्यात काढली. निवृत्तीचा कागद हातात आला, पण कवायत थांबवा असा हुकूम त्यात कुठे लिहिलेला नव्हता, असं आत्या म्हणते.

मामा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात, मग माणसं. एकदा पेन्शन आणायला बँकेत गेले तर कॅशियर पोक काढून बसलेला. "साहेब, खुर्ची बँकेची हाय, पर मणका तुमचा हाय न्हवं?" एवढं बोलून ते काउंटरसमोर तसेच उभे राहिले, तो ताठ बसेपर्यंत. पुतण्याच्या वरातीत घोडा थांबवून त्यांनी नवऱ्या मुलाला सुनावलं, "हनुवटी वर घे रं. आत्ताच मान खाली घातलीस, तर फुडं काय करशील?" आणि त्यांचे चुलतभाऊ गेले तेव्हा तिरडीला खांदा देणाऱ्या चौघांत एक बुटका निघाला. मामा ओक्साबोक्शी रडत होते. ते थांबले, डोळे पुसले, उंचीप्रमाणे माणसं बदलली, "आण्णा जल्मभर ताठ चालला, आता तिरका जायाचा न्हाई," म्हणाले आणि मग पुन्हा रडायला लागले. हे किस्से मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसून हसून लोळतात. मीही हसते. पण त्या माणसांच्या जागी एक तेरा वर्षांची मुलगी ठेवून बघा.

ती मुलगी मी. सांगलीच्या विश्रामबागेत वाढलेली, इंग्रजी शाळेतली, आधीच कमी बोलणारी. गावी गेले की बहिणी माझ्या मराठीला हसायच्या, म्हणून मी दाराच्या कडेला उभं राहून ऐकायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. त्या मे महिन्यात एका लग्नासाठी आत्या माझं परकर-पोलकं शिवत होती. माप घेताना ती थांबली. पुन्हा टेप लावली. "आवं, बघा हो जरा. हिचा उजवा खांदा वर दिसतोय." मामा आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दप्तर कुठल्या खांद्यावर घेतीस?" मी म्हणाले, "डाव्या." झालं, निदान संपलं.

मामांचा सिद्धांत उसाच्या ट्रॉलीवरून आला होता. ट्रॉली भरताना ती डावीकडे कलली की उजवीकडे दोन मोळ्या टाकतात आणि ती सरळ होते. आयुष्यभर ऊस भरणाऱ्या गावात यावर शंका घेणारं कोण असणार? माझा डावा खांदा खाली, तर उजव्या हातात वजन. त्यांनी पाच लिटरचा कॅन पाण्याने भरला आणि माझ्या हातात दिला. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास, उसाच्या बांधावरून, छाती पुढे, नजर समोर. मागून मामा: "सीधे चल! लाजतीस कुणाला? उसाला?" सुट्टी संपल्यावर ती शिक्षा सांगलीला आली. मी कॉलनीतल्या बागेला कॅन घेऊन फेऱ्या मारायचे आणि रोज कुणीतरी विचारायचं, पाणी आलं नाही का गं तुमच्याकडे? मी मान हलवायचे. उत्तर देण्यापेक्षा अख्ख्या कॉलनीचं पाणी तोडणं मला सोपं वाटायचं.

पावसाळ्यात आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी मला पुढे वाकायला लावलं, एक्स-रे काढला आणि शांतपणे सांगितलं की पाठीचा कणा बाजूला वळतो आहे, सोबत थोडा पिळतोही आहे. दप्तराने नाही, बसण्याने नाही, कुणाच्या चुकीने नाही. काही मुलींचा वाढीच्या वयात वळतो. वाढ चालू आहे तोवर पट्टा घालायचा, म्हणजे कडक प्लास्टिकचं एक जाकीट, जवळजवळ दिवसरात्र. बाबांनी संध्याकाळी घरी येऊन हे ऐकलं आणि पहिला फोन मामांना केला. आजोबा लवकर गेल्यावर मामांनीच बाबांना शिकायला सांगलीत ठेवलं होतं, त्यामुळे मामांच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणाचाच शब्द चालत नसे. मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आले. आमच्या पुढच्या खोलीत ताठ बसून म्हणाले, "पट्टा बांधला की पाठ लाडावती. पोरगी आळशी हाय, दुसरं काय न्हाई. एक वरीस माझ्या हातात द्या." मी दाराच्या कडेला उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. वर्ष दिलं गेलं.

त्या वर्षात माझी उंची भराभर वाढली आणि वळणही वाढलं. मग पट्टा आला, तीन वर्षं राहिला. ऑपरेशन टळलं, पण उजवीकडच्या फासळ्या मागे उचलल्या गेल्या त्या तशाच आहेत. कुर्ता विकत घेताना मी आधी पाठ बघते, रंग नंतर. ते एक वर्ष वाया गेलं नसतं तर काय झालं असतं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही. मला ते समजतं. तरी 'आळशी' हा शब्द मला समजत नाही. मी एकही फेरी चुकवली नव्हती. एवढं एक वाक्य मामांना ऐकवायचं म्हणून मी बारा वर्षं ते मनात घोळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि दर दिवाळीला त्यांच्या पाया पडून, न बोलता परत येत होते.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या एक वहिनी त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. गावात कुणाचं मूल पोक काढून चालू लागलं की ते मामांकडे आणतात, ही जुनी रीत. मुलगी ओढणी अंगभर घेऊन जमिनीकडे बघत होती. "सुभेदार, हिचा खांदा बघा. लय वंगाळ चालती. उद्या कसं व्हायचं?" मामांनी तिच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, "दप्तर कुठल्या खांद्यावर घेतीस गं?"

मी दाराच्या कडेवरून म्हणाले, "मामा, तिला विचारू नका. तिला वाकायला सांगा."

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आत्या भाजी निवडायची थांबली. आता मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून मी पुढे झाले, मुलीला ओढणी बाजूला करून, तळवे एकमेकांना जुळवून कमरेतून वाकायला सांगितलं आणि वहिनींना तिच्या मागे उभं केलं. "ही बाजू वर आली आहे, दिसतेय? ही तिच्या चालण्याने आलेली नाही. ती आळशी नाहीये. ह्याच आठवड्यात हिला सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. उशीर करू नका, वहिनी." मुलगी वाकूनच होती आणि वाकूनच माझ्याकडे तिरकं बघत होती.

वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मामांकडे वळल्या. "तुमी काय म्हणताय, सुभेदार?"

माझ्या पटवण्याने काही होणार नव्हतं. बाबांच्या वेळेसारखाच निकाल मामांच्या तोंडून यायचा होता. मामांनी मुलीच्या मागे जाऊन तिची पाठ बघितली.

"ती सांगती तसं करा."

"पर गावातली पोरं तर तुमीच सरळ..."

"मला त्यातलं कळत न्हाई, वयनी."

हे वाक्य मामांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण आत्याने हातातली भाजीच खाली ठेवली. वहिनी मुलीला घेऊन गेल्या, आत्याने लिहून दिलेला माझ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता मुठीत धरून. आणि मला आनंद होण्याऐवजी इतका संताप आला की मी परसातल्या पायरीवर जाऊन बसले. चार शब्द, एवढंच वाक्य. ते बारा वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या खोलीत म्हणता आलं नसतं का?

ऊन उतरल्यावर मामा परसात आले आणि धुण्याच्या दगडावर बसले. मी उठून गेले नाही.

"पाठ दुखती का गं अजून?"

बारा वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दुखते. ऑफिसात बसून बसून. संध्याकाळी जास्त."

"कवा बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

"व्हय," मामा म्हणाले. "न्हाई विचारलं."

त्यांनी माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मी ती कुठे ठेवली असती कोण जाणे. माझं पाठ केलेलं वाक्य नेमकं त्या वेळी आठवेना. म्हणून मी दुसरीकडूनच सुरुवात केली. उन्हाळ्यात पट्ट्याखाली घामोळं यायचं आणि खाजवायला आई फुटपट्टी द्यायची, ते सांगितलं. मग शाळेत बाकावर बसताना ठक् असा आवाज व्हायचा, ते. माझं मराठी मध्येच अडखळत होतं. मामा हसले नाहीत, दुरुस्त केलं नाही, फक्त मी थांबले की म्हणत होते, "मंग?"